राजाच्या कानामागचा मासा

होडीच्या नाळेवर (म्हणजे तिच्या पुढच्या निमुळत्या टोकावर) बटाटेवड्याएवढा एक फुगवटा होता. त्याच्या पोटात काय दडले आहे, यावरून सुरखोल बंदरातल्या तांडेलांच्या घरात कितीतरी वर्षे वाद चालत आला होता.

थोरली आय म्हणायची, आत चांदीचा रुपया आहे. थोरली आय म्हणजे घरातल्या लहानग्या मनवाची पणजी, भागीरथीबाई. तिच्या लग्नात तिच्या आईने तो राजाच्या छापाचा जुना रुपया तिच्या ओटीत घातला होता. पुढे पणजोबांनी होडी बांधली तेव्हा तिने तो होडीला दिला. होडी ही घरची लेक, तिचे कपाळ रिकामे का ठेवायचे, म्हणून नाळेवर राळ वितळवून तो बसवला. पहिल्या वर्षी त्याची पूजा झाली, हळदकुंकू वाहिले. दुसऱ्या वर्षी नारळी पौर्णिमेआधी होडी रंगवताना पणजोबांनी रुपयावरूनही ब्रश फिरवला. त्यांचे म्हणणे, होडीचा तसूभर भाग कोरडा राहिला तर पाणी नेमके तिथूनच शिरते. झाले, तोच घरचा रिवाज पडला. दर वर्षी नवा रंग, दर वर्षी रुपयावर नवा थर. होडीच्या फळ्या बदलल्या, शीड जाऊन इंजिन आले, पण नाळेचे लाकूड तेच राहिले आणि फुगवटा वाढत गेला.

शेजारच्या जगूकाकांचे म्हणणे मात्र वेगळे होते. मोठ्या वादळाच्या साली तांडेलांच्या घरी चूल पेटत नव्हती, तेव्हा पणजोबांनी रुपया गुपचूप विकला आणि जागी पत्र्याची चकती चिकटवली, असे ते हसत हसत सांगत. हसत सांगितले तरी ते बोलणे थोरल्या आयेला लागायचे. पणजोबा देवाघरी गेले होते, त्यांच्या वतीने बोलणार कोण?

या वर्षी जुनी होडी निवृत्त व्हायची होती. किनाऱ्यावर नवी होडी उभी होती, छतावर काळ्याभोर सौर तावदानांची, धूर न सोडणारी, उन्हावर चालणारी. जुन्या होडीची लक्ष्मी, म्हणजे तो रुपया, नव्या होडीच्या नाळेवर गेली की मगच नवी पाण्यात उतरायची. सुताराने नाळेचा तो तुकडा कापून बाबांच्या हातात दिला. मनवाचे बाबा, रघुनाथ तांडेल, यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि गॅसची बत्ती आणायला सांगितली. होडीचा जुना रंग ते असाच काढायचे. ज्योत फिरवायची, रंग फुगला की पत्र्याने खरवडायचा, वरून पॉलिशकागद.

ओट्यावर बसलेल्या थोरल्या आयेने मान वर केली. तिच्या डोळ्यांना आता फक्त उजेड आणि सावली एवढेच कळायचे, पण कान तिखट होते.

"रघू, बत्ती ठेव," ती म्हणाली. "त्या रुपयावर राजाच्या कानामागं एक मासा हाय. मी सोता दाभणानं कोरलाय, लग्न करून आले त्या साली. तुझ्या पॉलिशकागदानं तो राहायचा नाय."

जगूकाका तिथेच जाळे निवडत बसले होते. "मासा असेल तर पळाला असेल एव्हाना, आये," ते म्हणाले. दोन-चार जण हसले.

थोरल्या आयेने पदराने तोंड पुसले. मनवाने ते पाहिले आणि तिला वाटले, आता हा मासा सापडलाच पाहिजे. तिने बाबांचा हात धरून त्यांना मोरेश्वर आजोबांची आठवण करून दिली. बाबांनी नव्या होडीकडे पाहिले, आभाळाकडे पाहिले आणि पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळपर्यंतची मुदत दिली. तोवर झाले नाही तर बत्ती, आणि बत्तीनेही नाही झाले तर बाजारातला नवा रुपया.

मोरेश्वर आजोबा म्हणजे मनवाच्या आईचे काका. जुन्या धातूच्या वस्तू जपण्याचे शास्त्र त्यांनी जन्मभर केले. आता टेकडीवरच्या घरात राहत, आणि घराच्या मागच्या खोलीत त्यांची छोटी प्रयोगशाळा होती. तिथे कुर्लीही राहायची. कुर्ली म्हणजे खेकडा. हा यंत्रमानव खरोखर खेकड्यासारखाच होता, ताटाएवढा चपटा, बाजूने चालणारा, सहा बारीक हातांचा. समुद्रतळावर सापडलेल्या जुन्या वस्तू साफ करायला त्याला बनवले होते, आणि कुर्ली या नावामुळे सगळे त्याला "ती"च म्हणायचे.

कुर्लीने लाकडाचा तुकडा समोर ठेवून त्याच्याभोवती एक फेरी मारली. तिच्या डोळ्यातून टेराहर्ट्झ किरण निघत. (हे न दिसणारे किरण रंगातून आरपार जातात, पण धातूवर आपटून परत येतात. परत यायला किती वेळ लागला यावरून थर किती जाड ते कळते.)

"आत धातू आहे, मनवाताई," ती म्हणाली. "गोल आहे. पण चांदी की पत्रा, ते मला इतक्या थरांखालून नक्की सांगता येत नाही. आणि मासा तर नाहीच सांगता येत. दाभणाची रेघ माझ्या नजरेला फार बारीक."

म्हणजे कोडे तसेच राहिले. रंग तर काढायचा, पण खाली जे काही आहे त्याचा कणही जाता कामा नये. मनवाने विचारले, की खरवडायचे नाही, भाजायचे नाही, घासायचे नाही, मग रंग जाणार कसा? फुंकर मारून?

आजोबा हसले. त्यांनी तिला विचारले, फणस चिरल्यावर हाताला चीक लागतो, तो पाण्याने जातो का? मनवाला हे तोंडपाठ होते. पाण्याने जात नाही, साबणानेही नीट जात नाही, आई हाताला खोबरेल लावते आणि चीक सुटून येतो.

"का सुटतो?" आजोबांनी विचारले. "चीक पाण्याला ओळखच देत नाही. तेल मात्र त्याच्या जातकुळीचं. ते हळूच त्याच्या कणांमधे शिरतं आणि हाताची पकड सोडवतं. तुझी कातडी तेलाच्या वाटेला जात नाही, म्हणून तिला काही होत नाही. रंगालाही असा त्याच्या ओळखीचा द्रव शोधायचा. रंगाशी बोलेल आणि चांदीशी अबोला धरेल, असा."

अशा द्रवाला द्रावक म्हणतात (जो दुसऱ्या पदार्थाला आपल्यात विरघळवून घेतो किंवा मऊ करतो तो). आजोबांनी कपाटातून घट्ट बुचाची काचेची बाटली काढली. तिच्यात ॲसिटोन होते. पाण्यासारखे दिसणारे, पण हातावर पडले तर गार लागून क्षणात उडून जाणारे. तेलरंगाला आणि राळेला ते मऊ करते, चांदीशी त्याची काही रासायनिक क्रिया होत नाही. मनवाला वास ओळखीचा वाटला. आत्याच्या नखांचा रंग काढायच्या बाटलीला असाच वास येतो. आजोबा म्हणाले, नाक बरोबर आहे, पण त्या बाटलीत सुगंध, तेल, रंग असे बरेच काही मिसळलेले असते, आणि ते नाण्यावर मागे राहते. इथे शुद्धच हवे.

आजोबांनी बाटलीचे बूच फिरवायला घेतले, तेवढ्यात कुर्लीने दोन हातांनी त्यांचे मनगट धरले. कोपऱ्यातल्या देवघरात समई तेवत होती. श्रावणभर ती अखंड ठेवायचा आजोबांचा नेम होता.

"मला वास येत नाही, पण तो मोजता येतो," कुर्ली म्हणाली. "या द्रवाची वाफ ज्योतीपर्यंत पळत जाते आणि पेट घेते. समई इथे असेपर्यंत मी बाटली उघडू देणार नाही."

आजोबा क्षणभर देवघराकडे पाहत उभे राहिले. मग त्यांनी समई दोन्ही हातांनी उचलली, पुढच्या अंगणातल्या तुळशीपाशी नेऊन ठेवली, वारा लागू नये म्हणून भोवती काचेची हंडी लावली आणि नमस्कार केला. परत येताना ते मनवाला हळूच म्हणाले, की कुर्लीला नेम-व्रत काही ठाऊक नाही, पण कामातला तिचा नेम माझ्यापेक्षा कडक आहे. मग खिडक्या उघडल्या, पंखा बाहेरच्या दिशेने लावला, हातमोजे आणि चष्मे चढवले. बाटलीला हात फक्त आजोबांनी आणि कुर्लीने लावायचा, असे मनवाने कबूल केले.

कुर्लीने आधी फुगवट्याच्या कडेला, मोहरीएवढ्या जागेवर द्रावकाचा एक थेंब ठेवला आणि वाट पाहिली. मनवाला ते वाट पाहणे जड गेले. आजोबांनी समजावले, की कुठलीही वस्तू साफ करताना आधी कोपऱ्यातल्या एका ठिपक्याला विचारून घ्यायचे. ठिपका बिघडला तर ठिपकाच बिघडतो.

ठिपका सुरकुतला. तापलेल्या दुधावरची साय काठीने सरकवावी, तसा वरचा पांढरा रंग सरकला. मग कुर्लीने कापसाची जाड घडी द्रावकात भिजवून फुगवट्यावर ठेवली आणि वर काचेचे झाकण घातले, म्हणजे द्रावक उडून न जाता आत मुरत राहील.

दुपारपर्यंत पांढरा गेला. खाली निळा निघाला. बांबूची काडी चपटी तासून कुर्ली थर उचलायची, काडी रंगाखाली आडवी सरकवायची, कधी उभी टोचायची नाही. लोखंड वापरायचे नाही, कारण चांदी मऊ, आणि लोखंडाला ते कळत नाही. निळ्याखाली हिरवा, हिरव्याखाली पुन्हा पांढरा, मग गेरूसारखा लाल. प्रत्येक थर कुर्ली वेगळ्या काचेच्या डबीत ठेवत होती. मनवा संध्याकाळी घरी जाऊन थोरल्या आयेला रंग सांगायची आणि थोरली आय वर्ष सांगायची. हिरवा म्हणजे रघूच्या वडिलांचं लग्न. लाल म्हणजे ज्या वर्षी बांगडा इतका आला की टोपल्या पुरल्या नाहीत. तिला दिसत नव्हते, पण ती सगळे पाहत होती.

दुसऱ्या दिवशी मनवाने आजोबांना विचारले, की एवढ्या हळू चालायचे तर हे काम करणारे लोक इतकी वर्षे कंटाळत कसे नाहीत? आजोबांनी तिला देवघरातले निर्माल्य आठवायला सांगितले. सकाळी पूजेला बसले की आधी कालची फुले काढतात. तेव्हा कोणी देवाची मूर्ती खरवडते का? शिळी फुले अलगद उचलायची, मूर्ती आहे तशी खाली असतेच. हे रंगाचे थर म्हणजे त्या होडीवर दर वर्षी वाहिलेली फुले. आपण निर्माल्य उचलतो आहोत, एवढेच समजायचे.

मनवाला ते इतके पटले, की त्यानंतर ती काडी सरकताना श्वाससुद्धा हळू घेऊ लागली.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सकाळी शेवटचा रंग गेला आणि जुनी पिवळी राळही सैल झाली. लाकडापासून चकती आपोआप सुटून कुर्लीच्या हातात आली. मनवा वाकून पाहू लागली आणि तिचा चेहरा उतरला. चकती काळी होती. कडेला हिरवट, मधे काळी, डोके की डोंगर हेही कळेना. पत्रा असाच दिसत असेल का? जगूकाकांचे हसणे तिच्या कानात वाजले.

कुर्लीने चकती शुद्ध पाण्यात ठेवली. (पाण्याची वाफ करून ती पुन्हा थंड केली की त्यात क्षार उरत नाहीत, तेच हे पाणी.) हळदकुंकवाचा गाळ आणि इतक्या वर्षांचे समुद्राचे मीठ त्यात हळूहळू उतरू लागले. मीठ तसेच राहिले तर ते पुढेही धातूला खात राहते, म्हणून कुर्ली पाणी पुन्हा पुन्हा बदलत होती. मग तिने चकती मऊ सुती कापडावर ठेवून नुसती टिपली, पुसली नाही. आजोबा तोवर समईत तेल घालायला अंगणात गेले आणि कुर्ली पाण्याचे भांडे रिकामे करायला वळली.

काळे अजून तसेच होते. संध्याकाळ जवळ येत होती. मनवाच्या घरी दर शुक्रवारी देवाची उपकरणी चिंचेने आणि राखेने घासत, कशी लख्ख निघत. देवघराजवळ राखेची वाटी होतीच. तिने चिमूटभर राख अंगठ्यावर घेतली आणि अंगठा चकतीवर टेकवणार, तोच तिच्या मनगटाभोवती एक थंड हात आला. कुर्लीने तो जोरात धरला नव्हता. नुसता ठेवला होता.

"मनवाताई, तुम्ही घासलंत तर ती चमकेल," कुर्ली म्हणाली. "पण मग मासा असला तरी कुणाला सापडणार नाही."

आजोबा आत आले. रागावले नाहीत. देवघरातून त्यांनी चांदीचा एक टाक (देवाची प्रतिमा उठवलेला छोटा पत्रा) आणून मनवाच्या तळहातावर ठेवला. तो गुळगुळीत होता. डोळे नाहीत, नाक नाही, हातातले शस्त्र नाही. देवाच्या जागी फक्त एक मऊ उंचवटा.

"माझ्या आईनं हा रोज घासला," ते म्हणाले. "तिची भक्ती सोळा आणे खरी. तिला वाटायचं आपण काळं काढतोय. पण ते काळं म्हणजे बाहेरून आलेला मळ नव्हता, ती चांदीच होती."

मग त्यांनी तिला समजावून दिले. हवेत गंधकाचे अगदी थोडे कण असतात. चांदीचे वरचे कण त्यांच्याशी हात मिळवतात आणि काळे दिसू लागतात. (या काळ्या पदार्थाला सिल्व्हर सल्फाइड म्हणतात.) रंग हा पाहुणा, त्याला निरोप देता येतो. काळेपणा हा घरचाच माणूस, काळे कपडे घालून बसलेला. त्याला घासून बाहेर काढले की घरातले एक माणूस कमी होते. दर आठवड्याला एक कमी, आणि शेवटी घरच रिकामे.

मनवाने टाक कपाळाला लावला आणि देवघरात ठेवला. अंगठ्यावरची राख तिने धुऊन टाकली. मग विचारले, हे काळे मग असेच ठेवायचे?

"आधी त्याच्याकडे नीट बघ तरी," आजोबा म्हणाले. "काळं आपल्या कामाचंही असतं."

कुर्लीने एक हात लांब केला आणि त्याच्या टोकाचा दिवा चकतीच्या कडेने, अगदी तिरका, जमिनीसरसा लावला. संध्याकाळचे ऊन वाळूवर तिरके पडले की पाखरांची पावलेही दिसतात, तसे झाले. जिथे उंचवटा तिथे उजेड, जिथे खाच तिथे काळोख. डोंगर नव्हता, डोके होते. डोक्यावर मुकुट होता. दाढी होती. खोल जागी साठलेल्या काळ्यामुळे प्रत्येक रेघ काजळ घातल्यासारखी उठून आली होती. मनवाची नजर कानापाशी गेली. कानामागे तांदळाच्या दाण्याएवढ्या दोन वाकड्या रेघा एकमेकींना भेटत होत्या, आणि मागे शेपटीची एक बारीक फुली.

कुर्लीने धातू तपासला आणि सांगितले, की चांदी आहे, थोडे तांबे मिसळलेली. कडेचा हिरवेपणा त्या तांब्याचा. मग तिने दिवा पुन्हा त्या दोन रेघांवर आणला. तिने शेकडो नाणी साफ केली होती.

"अशा खुणेला मी आजवर ओरखडा म्हणत आले," ती म्हणाली. "ओरखडा म्हणजे नुकसान, असं मला शिकवलं होतं. आता मला यादीत एक नवा शब्द लागेल."

वापरलेले द्रावक आजोबांनी मोरीत ओतले नाही. मोरी शेवटी समुद्रालाच मिळते. ते डब्यात बंद करून त्यावर खूण केली, गोळा करणारी गाडी आली की देण्यासाठी. रंगाच्या डब्या मात्र मनवाच्या हाती दिल्या.

मनवा टेकडी उतरून आली तेव्हा बाबा नव्या होडीपाशी उभे होते आणि जगूकाका जाळे खांद्यावर टाकून निघाले होते. तिने कुणालाच काही सांगितले नाही. ती सरळ ओट्यावर गेली आणि थोरल्या आयेचा तळहात उघडून त्यावर रुपया ठेवला. सबंध रस्ताभर ते गार नाणे तिने मऊ कापडात गुंडाळून आणले होते.

थोरल्या आयेने आधी त्याचे वजन घेतले, हात वरखाली करून. मग बोट काठावरून फिरवले. मग मुकुटावरून, दाढीवरून, आणि मग कानामागे. तिथे बोट थांबले. पुढे गेले, मागे आले. दाभणाने ज्या हाताने मासा कोरला होता, तोच हात तो पुन्हा वाचत होता.

"शेपटी वाकडीच राहिली," ती म्हणाली. "तवा हे हसले होते मला. म्हणाले, हा मासा की कोलंबी."

"हे" म्हणजे पणजोबा. जगूकाका पायरीशी आले. त्यांनी खांद्यावरचे जाळे खाली ठेवले, हात धोतराला पुसले आणि बघायला मागितले. थोरल्या आयेने नाणे लगेच दिले नाही. जरा थांबून दिले. जगूकाकांनी ते डोळ्यांजवळ धरले, बराच वेळ धरले, आणि कपाळाला लावून परत केले. त्या दिवसापासून सुरखोलमध्ये वादळाच्या सालची गोष्ट निघाली, की पत्र्याच्या चकतीच्या जागी जगूकाका उपाशी राहूनही न विकलेल्या रुपयाबद्दल सांगू लागले, आणि तेही इतके रंगवून, की जणू ते स्वतः तिथे होते.

पौर्णिमेला नव्या होडीच्या नाळेवर रुपया बसला. राळेऐवजी कुर्लीने पारदर्शक काचेची टोपी केली होती, स्क्रूने उघडणारी, आतली हवा कोरडी ठेवणारी, म्हणजे उद्या कुणाला त्याची विचारपूस करायची झाली तर दार उघडे. हळदकुंकू टोपीवर लागले, नारळ समुद्राला वाहिला. थोरली आय श्रावणाचा उपवास धरून ओट्यावरून हात जोडून बसली होती. कुर्ली आता काय करणार, असे मनवाने विचारले तेव्हा आजोबांनी सांगितले, की समुद्राच्या तळाशी बुडालेल्या गलबतांत अशी कितीतरी नाणी आपापल्या खुणा सांभाळून बसली आहेत. पुढच्या वर्षी कुर्ली तिकडे जाणार आहे, आणि तिला काय ओरखडा आणि काय मासा हे सांगणारे कुणीतरी किनाऱ्यावर हवेच असेल. मनवाने हातमोज्याचे आपले माप लगेच सांगून टाकले.

नवी होडी पाण्यात उतरण्याआधी बाबांनी नाळेवर निळ्या रंगाचा शेवटचा हात मारायला घेतला. ब्रश रुपयाच्या जवळ आला. बाबांचा हात सवयीने पुढे सरकला आणि थांबला. त्यांनी डाव्या हाताचा तळवा काचेच्या टोपीवर झाकणासारखा धरला.

"मनवा," ते म्हणाले, "कुर्लीला विचार बरं, इतक्या जवळ रंगवलं तर चालेल का."